चित्रकार तेरेझ श्वार्त्झे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरेझ श्वार्त्झे कोण होत्या?

तेरेझ श्वार्त्झे (१८५१–१९१८) या ॲमस्टरडॅमच्या व्यक्तिचित्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत आणि विसाव्याच्या आरंभी नेदरलँड्समधील राणी, मंत्री, सेनापती, प्राध्यापक, बँकर आणि व्यापारी यांनी आपली व आपल्या मुलाबाळांची चित्रे त्यांच्याकडून काढून घेतली. त्यांच्या नावावर सुमारे १००० चित्रे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य व्यक्तिचित्रे आहेत. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, त्यांनी कुंचल्यावर स्वतःचा आणि घरच्यांचा चरितार्थ चालवला. त्या काळी चित्रकला शिकणाऱ्या मुली युरोपात पुष्कळ होत्या, परंतु ती कला भरवशाचा व्यवसाय म्हणून आयुष्यभर यशस्वीपणे चालवणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या. त्यांचे मोठेपण मला प्रथम इथे दिसते, आणि पुढील बहुतेक उत्तरांत हाच धागा येणार आहे.

चित्रकला त्यांच्याकडे कुठून आली?

ती वडिलांकडून आली. योहान गेओर्ग श्वार्त्झे हे स्वतः व्यक्तिचित्रकार होते. त्यांचा जन्म ॲमस्टरडॅमचा, बालपण अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे आणि कलाशिक्षण जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे. पुढे ते ॲमस्टरडॅमला परतले आणि तिथे त्यांनी व्यक्तिचित्रांचा व्यवसाय मांडला. तेरेझ यांचा जन्म २० डिसेंबर १८५१ रोजी याच घरात झाला. संपन्न घरांतील मुलींना विरंगुळा म्हणून जलरंग आणि फुलांची चित्रे शिकवण्याची रीत होती. योहान श्वार्त्झे यांनी मात्र आपल्या मुलीला ती उद्या हाच धंदा सांभाळणार आहे अशा बेताने तयार केले. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना प्रकाश कुठून घ्यावा, आधी डोके बांधून घ्यावे की संपूर्ण आकृती, हात कुठे ठेवायला सांगावेत, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. ते चालत्या स्टुडिओत वर्षानुवर्षे राहून अंगवळणी पडते, आणि तेरेझ यांना ते लहानपणापासून मिळाले.

त्यांनी औपचारिक शिक्षण घेतले होते का?

घेतले होते, परंतु तुकड्यातुकड्यांनी, कारण स्त्रीला ते तसेच घ्यावे लागे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत त्या वर्षभर शिकल्या. तिथे ऑगस्ट अलेबे हे शिक्षक होते, आणि स्त्री-विद्यार्थ्यांना गांभीर्याने शिकवणारे म्हणून पुढच्या पिढीतील अनेक चित्रकर्तींच्या आयुष्यातही त्यांचे नाव येते. त्यानंतर तेरेझ म्युनिकला गेल्या. व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने म्युनिक त्या वेळी भरात होते, पण तेथील कला अकादमीने स्त्रियांना प्रवेश दिला तो थेट १९२० मध्ये. म्हणून तेरेझ यांना खाजगी मार्गदर्शनावर भागवावे लागले आणि त्यासाठी त्यांना गाब्रिएल माक्स व फ्रान्झ फॉन लेनबाख असे दोन मोठे चित्रकार लाभले. लेनबाख यांची चित्रे पाहिलेल्या वाचकाला तेरेझ यांच्या सुरुवातीच्या चित्रांतील काळपट तपकिरी पार्श्वभूमी आणि तीतून पुढे येणारा उजळलेला चेहरा ओळखीचा वाटेल. पुढे १८७९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि झाँ-झाक एनेर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी शिक्षण चालू ठेवले. पॅरिसशी त्यांचा संबंध त्यानंतरही टिकला. तिथल्या प्रदर्शनांत त्या चित्रे पाठवत राहिल्या आणि तिथल्या ताज्या, उजळ रंगसंगतीचा परिणाम त्यांच्या पॅलेटवर होत गेला.

वडिलांच्या मृत्यूनंतर घर त्यांनी चालवले, हे खरे आहे का?

खरे आहे. योहान श्वार्त्झे १८७४ मध्ये वारले तेव्हा तेरेझ बावीस वर्षांच्या होत्या. वडिलांचा व्यवसाय हाच घराचा आधार होता आणि तो पुढे चालवू शकेल अशी कुटुंबातील तयार व्यक्ती तेरेझ हीच होती. त्यांच्या कारकिर्दीतील अनेक निर्णय या एका गोष्टीमुळे उलगडतात. विषय मनासारखा मिळेपर्यंत थांबण्याची किंवा न विकली जाणारी चित्रे वर्षानुवर्षे काढत राहण्याची मोकळीक त्यांना नव्हती. दिलेल्या मुदतीत, गिऱ्हाइकाला पसंत पडेल आणि शेजारच्या घरातून पुढचे काम येईल असे चित्र त्यांना करावे लागे. त्यांनी ते केले, आणि पुढे श्वार्त्झे घराणे केवळ तगले नाही, तर चांगले संपन्न झाले.

काळही त्यांना अनुकूल होता, हे इथे नोंदवले पाहिजे. १८७६ मध्ये ॲमस्टरडॅमला उत्तर समुद्राशी जोडणारा नवा कालवा सुरू झाला. हिऱ्यांचा धंदा, वसाहतींतून येणारी तंबाखू आणि साखर, बँका व जहाजकंपन्या यांमुळे शहरात नवा पैसा आला. त्या पैशाने नवी घरे बांधली गेली आणि त्या घरांच्या भिंतींवर कुटुंबाची चित्रे लावण्याची हौस आली. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी हेच केले होते आणि आपण त्यांचे वारस आहोत, ही जाणीव या वर्गात प्रबळ होती. या पैशाचा मोठा वाटा आग्नेय आशियातील वसाहतींमधून येत होता, आणि ती चित्रे पाहताना हेही विसरू नये असे मला वाटते.

डच राजघराण्याशी त्यांचा संबंध कसा जुळला?

१८८१ च्या सुमारास त्यांना राणी एम्मा आणि तान्ही राजकन्या विल्हेल्मिना यांच्या चित्राचे काम मिळाले. राजा तिसरे विल्यम यांच्या पत्नी एम्मा तेव्हा विशीच्या आगेमागे होत्या आणि विल्हेल्मिनाचा जन्म १८८० चा. त्या पहिल्या कामातून जुळलेले नाते तेरेझ यांच्या आयुष्यभर टिकले. १८९० मध्ये राजाचा मृत्यू झाला, दहा वर्षांची विल्हेल्मिना राणी झाली आणि ती वयात येईपर्यंत आईने राज्यकारभार पाहिला. या सगळ्या काळात मुलीची किशोरी आणि किशोरीची राणी होताना तेरेझ यांनी तिला पुन्हा पुन्हा रंगवले.

यातील सर्वांत गाजलेले चित्र १८९८ चे. त्या वर्षी ६ सप्टेंबरला ॲमस्टरडॅमच्या न्यूव केर्क या चर्चमध्ये अठरा वर्षांच्या विल्हेल्मिनाचा राज्यारोहण समारंभ झाला. डच परंपरेत राजाच्या मस्तकावर मुकुट ठेवला जात नाही. तो शेजारी ठेवलेला असतो आणि राजा किंवा राणी संसदेसमोर शपथ घेते. म्हणून चित्रातही राणीचा अधिकार मुकुटाऐवजी अंगावरच्या पांढऱ्या फरच्या अस्तराच्या जड झग्यातून आणि तिच्या उभे राहण्यातून दाखवावा लागतो. एवढ्या वस्त्रभाराखाली एक अगदी तरुण मुलगी उभी आहे, हे तेरेझ यांनी लपवले नाही.

राजघराण्याचे काम मिळाले की बाकीची कामे आपोआप येतात. राणीचे चित्र जिने काढले तिच्याकडूनच आपलेही चित्र व्हावे, अशी इच्छा सरदार आणि व्यापारी घराण्यांत निर्माण झाली. राजकारणी अब्राहम काउपर यांचे चित्रही तेरेझ यांनी काढले. हे गृहस्थ पुढे १९०१ ते १९०५ या काळात पंतप्रधान होते.

त्या एवढी चित्रे कशी पूर्ण करत असत? त्यांची पद्धत काय होती?

त्या दोन माध्यमांत काम करत : तैलरंग आणि पेस्टल. तैलरंगातील चित्राला एकामागून एक अनेक बैठका लागतात, मधले थर वाळू द्यावे लागतात, आणि समोरच्या व्यक्तीला तेवढा वेळ काढावा लागतो. पेस्टल म्हणजे रंगद्रव्याच्या कोरड्या कांड्या. तिथे वाळण्याचा प्रश्न नाही, रेषा आणि रंग एकाच हाताने, एकाच वेळी लागतात आणि चूक झाली तर वरून दुसरा रंग ओढता येतो. लहान मुले फार वेळ एका जागी बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी हे माध्यम फार सोयीचे. गोऱ्या त्वचेवरचा मऊ उजेड, रेशीम आणि लेस यांनाही ते मानवते. त्याचा तोटा असा की रंग कागदावर भुकटीसारखा बसलेला असतो, म्हणून चित्र काचेखालीच ठेवावे लागते आणि प्रखर उजेड त्याला सोसत नाही. संग्रहालये अशी चित्रे कायम भिंतीवर लावत नाहीत, त्यामागे हेच कारण असते.

तेरेझ यांचा हात जलद होता. चेहरा आणि हात यांवर त्या खरा वेळ घालवत. पोशाख आणि मागची जागा रुंद, मोकळ्या फटकाऱ्यांनी भरत. जवळून पाहिले तर बाहीवरची लेस म्हणजे पांढऱ्या रंगाचे चार-सहा निर्धास्त फटके असतात, आणि दोन पावले मागे गेल्यावर ती लेस दिसू लागते. ही किमया सतराव्या शतकातील हार्लेमच्या फ्रान्स हाल्स यांच्या चित्रांत आहे, आणि तेरेझ यांच्या पिढीला हाल्स नव्याने सापडला होता.

अनाथ मुलींचे चित्र एवढे प्रसिद्ध का आहे?

‘ॲमस्टरडॅमच्या नागरी अनाथाश्रमातील तीन मुली’ हे १८८५ चे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्यांना तेरेझ फक्त श्रीमंतांच्या चित्रकार वाटतात त्यांना मी हे चित्र पाहायला सांगतो. या अनाथाश्रमातील मुलींचा पोशाख शहराच्या रंगांचा असे : उभा अर्धा लाल, उभा अर्धा काळा, आणि त्यावर पांढरी टोपी व पांढरा ॲप्रन. रस्त्यात दुरूनच मूल कोणाचे ते कळावे, अशी त्या पोशाखाची रचना होती. चित्रकारांना मात्र हे रंग फार आवडत. जर्मन चित्रकार माक्स लीबरमान यांनी याच आश्रमाच्या अंगणातील मुली रंगवल्या आणि डच चित्रकार निकोलास व्हान डर वाय यांनी तर या विषयावर अनेक चित्रे काढली.

लीबरमान यांच्या चित्रात झाडांखालचे अंगण, उन्हाचे कवडसे आणि त्यांत वावरणाऱ्या अनेक मुली आहेत. एकेकीचा चेहरा लक्षात राहत नाही. तेरेझ यांनी तीनच मुली घेतल्या आणि त्या जवळून रंगवल्या. व्यक्तिचित्रकाराची सवय इथे कामी आली. पैसे देऊन चित्र काढून घेणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे त्या जेवढ्या लक्षपूर्वक पाहत, तेवढ्याच लक्षपूर्वक त्यांनी या मुलींकडे पाहिले. गणवेश तिघींना सारखा करतो आणि चेहरे त्यांना वेगळे करतात.

उफिझीतील आत्मचित्राची हकीकत काय आहे?

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात चित्रकारांच्या आत्मचित्रांचा एक जुना आणि मानाचा संग्रह आहे. त्याची सुरुवात सतराव्या शतकात मेडिची घराण्याने केली. या संग्रहासाठी आत्मचित्र मागितले जाणे हा मोठा सन्मान समजला जातो, आणि तो मोजक्याच स्त्रियांच्या वाट्याला आला. तेरेझ त्यांपैकी एक. १८८८ मध्ये त्यांनी पॅलेट आणि कुंचले हाती घेतलेले आत्मचित्र रंगवले.

त्यात त्यांनी एक हात कपाळाजवळ नेऊन डोळ्यांवर सावली धरली आहे, नाकावर चष्मा आहे आणि नजर सरळ आपल्यावर आहे. ही पोझ इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या तरुणपणीच्या आत्मचित्राची आठवण करून देते आणि जाणकाराला ती ओळखू यावी असाच त्यांचा हेतू असावा. मला या चित्रात सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी स्वतःकडे पाहण्याची रीत. त्या इथे सुंदर दिसण्यासाठी बसलेल्या नाहीत, तर काम करत असताना समोरच्या माणसाला निरखत आहेत. आयुष्यभर ज्या नजरेने त्यांनी इतरांना न्याहाळले, ती नजर या एका चित्रात आपल्यावर रोखलेली आहे.

त्या श्रीमंतांची खुशामत करणाऱ्या चित्रकार होत्या, ही टीका योग्य आहे का?

ही टीका त्यांच्या हयातीतच सुरू झाली. १८८० नंतर ॲमस्टरडॅममध्ये लेखक, समीक्षक आणि चित्रकारांची एक नवी पिढी पुढे आली. कलावंताची स्वतंत्र, तीव्र अनुभूती हे तिचे मूल्य होते. ब्राइटनरसारखे चित्रकार रस्त्यावरचा चिखल, घोडे आणि कामकरी बायका रंगवत होते. यान व्हेत यांच्यासारखे चित्रकार-समीक्षक कोरड्या, काटेकोर रेखाटनातून व्यक्तिचित्राला नवे वळण देऊ पाहत होते. अशा वेळी साटीन, मोती आणि फुलांच्या परड्या रंगवणारी, पुष्कळ पैसे मिळवणारी आणि राजवाड्यात जाणारी चित्रकार त्यांना जुनाट आणि धंदेवाईक वाटली, तर नवल नाही. मृत्यूनंतर हे मत अधिकच घट्ट झाले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ कलेच्या इतिहासात त्यांना एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळाली नाही.

या टीकेत तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. हजारभर चित्रांत पुनरावृत्ती आहे. काही चित्रांत पोशाखाने चेहऱ्यावर मात केली आहे, आणि काही स्त्रिया एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या गोड दिसतात. परंतु कोणत्याही चित्रकाराचे मोल त्याच्या सामान्य कामांवरून ठरवले जात नाही. १८९० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालचे सेनापती पीट जूबेर्ट यांचे चित्र काढले. तिथल्या बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या लोकांविषयी नेदरलँड्समध्ये तेव्हा आपुलकीची लाट होती आणि अशा वेळी वीराचा पुतळा उभा करणे सोपे होते. पण तेरेझ यांच्या चित्रात एक उन्हातान्हात वावरलेला, सावध, थोडा थकलेला माणूस आहे. भाची लिझी आन्सिंग हिचे १९०२ चे पेस्टल पाहावे; तिथे कोणाला खूश करायचे नव्हते, आणि ते चित्र विलक्षण जिवंत झाले आहे.

शिवाय व्यक्तिचित्रकार पैसेवाल्यांसाठी काम करतो, ही तक्रार लेनबाख, अमेरिकी चित्रकार सार्जंट किंवा खुद्द हाल्स यांच्याबद्दलही करता येईल. पुरुष चित्रकाराच्या बाबतीत मोठे गिऱ्हाईक हे त्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र मानले जाते. तेरेझ यांच्या बाबतीत तोच दोष ठरला. स्वतःच्या कमाईवर आई-बहिणींचे घर उभे करणाऱ्या स्त्रीला ‘धंदेवाईक’ म्हणून बाजूला सारणे हा मला अन्याय वाटतो. अलीकडच्या काही दशकांत अभ्यासकांनी त्यांच्या चित्रांची नीट सूची केली, प्रदर्शने झाली, आणि हे मत हळूहळू बदलत आहे.

त्यांनी विवाह केला होता का?

१९०६ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी केला. पती आंतोन व्हान डाउल हे ‘आल्खेमेन हांडल्सब्लाड’ या ॲमस्टरडॅमच्या प्रतिष्ठित वृत्तपत्राचे प्रमुख संपादक राहिलेले होते आणि वयाने बरेच मोठे होते. इतक्या उशिरा विवाह का, याची कारणे कल्पनेने सांगण्यात अर्थ नाही. त्या काळचा कायदा मात्र लक्षात ठेवावा. डच कायद्यानुसार सज्ञान अविवाहित स्त्री स्वतःचे व्यवहार स्वतः करू शके. विवाह होताच ती कायद्याच्या दृष्टीने अपात्र ठरे आणि व्यवहारांसाठी पतीची संमती लागे. ही तरतूद १९५७ पर्यंत टिकली. करार, मानधन आणि बँक सांभाळणाऱ्या व्यावसायिक स्त्रीसाठी हा प्रश्न केवळ कागदोपत्री नव्हता. विवाहानंतरही तेरेझ यांनी काम थांबवले नाही. बोइसेव्हेन घराण्यातील सहा मुलींचे मोठे समूहचित्र १९१६ चे आहे.

नेदरलँड्समध्ये त्यांच्याआधी स्त्री-चित्रकार नव्हत्या का?

होत्या. हार्लेमच्या युडिथ लेस्टर (१६०९–१६६०) चित्रकारांच्या संघाच्या सभासद होत्या, पण विवाहानंतर त्यांचे चित्रण फार कमी झाले आणि पुढे त्यांची चित्रे हाल्स यांच्या नावावर खपत राहिली. ती त्यांची आहेत हे १८९३ मध्ये उघड झाले. फुलांची चित्रे काढणाऱ्या राखेल राउश (१६६४–१७५०) यांना मात्र हयातीतच मोठी कीर्ती मिळाली.

‘ॲमस्टरडॅमसे योफर्स’ या गटाशी त्यांचे नाते काय?

हा ॲमस्टरडॅमच्या स्त्री-चित्रकारांचा गट. लिझी आन्सिंग, कोबा रित्सेमा, आन्स व्हान डेन बेर्ख, बेत्सी वेस्टेनडोर्प-ओसीक अशी नावे त्यात येतात आणि यांतील बहुतेकजणी राइक्सअकादमीत शिकलेल्या. तेरेझ स्वतः या गटाच्या सभासद नव्हत्या, त्या एक पिढी आधीच्या. पण त्यांचे घर या तरुण चित्रकर्तींना भेटण्याचे ठिकाण झाले होते. लिझी (१८७५–१९५९) तर बरीच वर्षे मावशीकडेच राहिली आणि रेखाटनाचे पहिले धडे तिने तिथेच घेतले. तिने मावशीची नक्कल केली नाही. ती बाहुल्यांच्या गूढ, अंधुक चित्रांसाठी ओळखली जाते. चित्रे काढून सन्मानाने जगणारी एक स्त्री या मुलींना रोज डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्याचा परिणाम कोणत्याही शिकवणीपेक्षा मोठा असावा.

त्यांचा मृत्यू केव्हा झाला?

२३ डिसेंबर १९१८ रोजी ॲमस्टरडॅममध्ये, सदुसष्टावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असताना. पती त्याच वर्षी जुलैमध्ये वारले होते. धाकटी बहीण गेओर्गिन ही शिल्पकार होती आणि तेरेझ यांच्या समाधीचे शिल्प तिने घडवले. ते आज ॲमस्टरडॅमच्या दी न्यूव ऑस्टर या दफनभूमीत असून राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत आहे.

भारताशी त्यांचा काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मात्र त्यांची चित्रे होती, आणि त्याच प्रदर्शनात राजा रविवर्मा यांच्या चित्रांना पदके मिळाली. दोघे जवळजवळ समवयस्क, दोघेही संस्थानिकांचे किंवा राजघराण्यांचे व्यक्तिचित्रकार आणि दोघांवरही पुढे लोकानुनयाचा ठपका आला. या दोघांच्या कामाची तुलना कोणी मराठी अभ्यासकाने करावी असे मला मनापासून वाटते.

त्यांची चित्रे कुठे पाहता येतील आणि सुरुवात कोणत्या चित्राने करावी?

सर्वांत महत्त्वाचा संग्रह ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. अनाथाश्रमातील मुली, जूबेर्ट आणि लिझी आन्सिंग ही तिन्ही चित्रे तिथली. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयातही एका अनाथ मुलीचे चित्र आहे, आणि आत्मचित्र फ्लॉरेन्सला. पुष्कळ चित्रे अजून त्या त्या घराण्यांकडे आहेत. राइक्सम्युझियमने आपला संग्रह उत्तम छायाचित्रांसह इंटरनेटवर विनामूल्य खुला केला आहे, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसूनही चित्र मोठे करून फटकारा न् फटकारा पाहता येतो. सुरुवात तीन अनाथ मुलींपासून करावी, मग लिझीचे पेस्टल पाहावे, आणि राणीच्या चित्राकडे त्यानंतर जावे. या क्रमाने गेल्यास झग्याआधी चेहरा पाहण्याची सवय लागते.